भुतं एवढीशी का झाली?

प्रश्न : काका, मिस्टरांच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला घरीच पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेमचं पेंटिंग करतेय. शाळेत असताना ते गल्लीतल्या व्हिडिओ गेमवाल्याकडे खाऊचे पैसे उडवायचे. कॅनव्हासवर अंदाजानं भूलभुलैया आखला, पण उजवी बाजू डावीशी जुळत नाही, भुतं मुंगळ्याएवढी झालीत आणि चिकटपट्टी काढली की निळा रंग काळ्यात फुटलेला दिसतो. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तो कॅनव्हास ठेवून द्या, गणपतीत मखराच्या मागे लावता येईल. मी जन्मभर चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरले. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाला अर्धा चौकोन कळत नाही. भरलेला नाहीतर कोरा. १९८०चा पॅकमॅन त्याच जातीचा. पडदा २२४ ठिपके (पिक्सेल) रुंद, २८८ उंच. आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडा, २८ बाय ३६ होतात. तेव्हा २८ इंच रुंद नि ३६ इंच उंच प्लायवुड कापून आणा. एका चौकोनाला एक इंच, हिशेब मिटला. वरच्या तीन ओळी गुणांच्या आकड्यांना, खालच्या दोन उरलेल्या जिवांना नि फळांना, मधल्या ३१ ओळींत भूलभुलैया.

उजवी बाजू काढूच नका. डावीकडचे चौदा चौकोन ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि कागद पालथा घाला. चादरीचे काठ आम्ही असेच जुळवायचो.

भुतांची चूक मीही केली होती. नातवासाठी चित्र काढताना एका चौकोनात एक भूत बसवलं. पोरगं म्हणालं, "आजोबा, ह्यांना कोण भिणार?" खरं भूत १४ ठिपक्यांचं, म्हणजे तुमच्या प्लायवर पावणेदोन इंच. मग ते भूलभुलैयाच्या चौकोनभर रुंद गल्लीत मावतं कसं? भिंतीची रेघ गल्लीला चिकटून नसते, भिंतीच्या चौकोनात मधोमध धावते. म्हणून दोन्हीकडे जागा सुटते.

रंग फुटतो त्यावर उपाय सोपा. पट्टी लावली की तिच्या कडेवरून आधी काळाच हात द्या. जिथे फट असेल तिथे काळ्यात काळा मुरेल. मग पांढरा, त्यावर निळा. काळ्यावर थेट दिलेला निळा मरतो. शेवटचा हात ओलसर असतानाच पट्टी सोला. आणि पहाटे बसा. आपल्या उन्हात ॲक्रिलिक ताटलीतच वाळतं.

पॅकमॅन खातो ते छोटे ठिपके २४० आहेत, ब्रशनं काढायच्या भानगडीत पडू नका. खोडरबर पाव इंच चौकोनी कापून शिक्के मारा. रंग पांढराफेक नको, फिकट पीच घ्या. मोठे ठिपके चारच, इंचभर, गोल.

भुतं लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी. त्यातलं नारिंगी खाली डाव्या कोपऱ्याकडे ठेवा. पाठलाग करताना पॅकमॅनच्या आठ चौकोनांच्या आत आलं की ते मागे लागायचं सोडून त्या कोपऱ्याकडे वळतं. खाऊचे पैसे घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.