गाडीचं गाऱ्हाणं : काच बदलली की वाऱ्याचा आवाज जातो का?

प्रश्न : नमस्कार, मी रत्नागिरीचा. सेकंडहँड जर्मन सेडान वापरतो. मागच्या वर्षी हायवेला चिऱ्यांच्या ट्रकमधून खडा उडाला आणि पुढची काच तडकली, ती बाहेरच्या काचवाल्याकडून बदलून घेतली. आता लांज्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळून गाडी नव्वद-शंभरला गेली की उजव्या कानाशी सतत सूं सूं चालू, मागे बसलेली आई काय बोलते तेच कळत नाही. एक जण म्हणतो चारही दारांना अकूस्टिक काचा टाक, गाडी एकदम शांत होईल. खर्च बराच आहे. टाकू का?

उत्तर : थांबा जरा. आवाज सुरू झाला पुढची काच बदलल्यावर आणि तुम्ही निघालात दारांच्या काचा बदलायला!

पुढची काच सगळ्याच गाड्यांची लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये साधारण 0.76 मिलिमीटरचा पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा. पण महागड्या गाड्यांना बरेचदा कंपनीतूनच अकूस्टिक, म्हणजे आवाज अडवणारा, पीव्हीबी येतो, त्यात मधला थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. बाहेर बसवताना साधी लॅमिनेटेड बसवली तर दिसायला डिट्टो तीच, फुटली तरी तशीच फुटेल, पण आवाज जास्त आत येतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं असतं ते वाचा, अकूस्टिकला बऱ्याच कंपन्या तसा शब्द किंवा कानाचं चिन्ह टाकतात. चिन्ह नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, चॅसी नंबर देऊन मूळ पार्ट कुठला होता ते कंपनीकडे विचारा, आणि काचवाल्याकडचं बिलही शोधून ठेवा.

दुसरं, त्या काचेच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे मोल्डिंग. काच काढताना ती ताणली जाते, परत तीच दाबून बसवली की पिलरजवळ, म्हणजे पुढची काच आणि दार यांच्या मधल्या खांबाजवळ, एखादी कड उचललेली राहते आणि वारा नेमका तिथेच सगळ्यात जोरात असतो, कारण समोरून आलेली हवा पिलरला आणि आरशाला वळसा घालून तुमच्या दाराच्या काचेवर आपटते. ड्रायव्हर उजवीकडे, आवाजही उजव्या कानाला, म्हणून माझा पहिला संशय तिथेच.

खात्री करायला मेकॅनिक नको, मास्किंग टेपचं एक बंडल पुरे. मोल्डिंगवर टेप मारा, आरशाच्या बुडाला मारा, दाराच्या वरच्या फटीवर मारा, आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला चक्कर टाका. आवाज गेला तर एकेक टेप काढत परत जा, जो काढल्यावर सूं सूं परत आली तिथे भोक आहे. वारा पडलेला असेल तेव्हा करा हं, दुपारी समुद्रावरनं वारा सुटला की काही कळत नाही. दाराच्या रबराला दहाची नोट लावून दार बंद करा आणि ओढून बघा, सहज सरकली तर रबर दबून सैल पडलंय. आपल्याकडे हे फार होतं, गाडी मुंबईकरांची असो की इथली, महिनोन् महिने खळ्यात उभी, त्यात खारा वारा आणि तांबडी धूळ रबराच्या खाचेत जाऊन बसलेली. ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा हलका हात फिरवा. खोबरेल नको, धूळ आणखी धरतं, आणि साध्या ग्रीसने रबर फुगतं.

हे सगळं करून शिट्टी गेली पण कानाशी हिस्स असा बारीक आवाज राहिलाच, तरच दारांच्या काचांचा विचार करा. दारांना बहुतेक टफन्ड काच असते, म्हणजे एकेरी, फुटली की बारीक तुकडे होणारी. चार-पाच मिलिमीटरची काच साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते आणि तेवढा आवाज सरळ आत सोडते, नेमका तोच पट्टा जिथे आपला कान सगळ्यात तिखट असतो. रिकामा टोप वाजवला तर ठणठणतो, त्यावर ओला फडका टाकला की ठप्प, तसं तो मऊ पापुद्रा काचेची थरथर मारतो. टायरची घरघर खालच्या पट्टीतली, तिला काच फारशी काही करत नाही. आणि स्पीड तर स्पीडच, ऐंशीचे शंभर केले की वाऱ्याचा आवाज ढोबळमानाने 6 डेसिबलने वाढतो, वीसने हळू चालवलंत तर तेवढा फुकटात कमी.

टाकायच्याच झाल्या तर फक्त पुढच्या दोन, आणि त्याच मॉडेलला कंपनीने अकूस्टिकचा पर्याय दिलेला असेल तरच (मर्सिडीजच्या काही मॉडेलना तसं पॅकेज असतं). तेव्हा जाडी आणि वळण जुळतं, नाहीतर काच खाचेत अडते, मोटर रडते. बसवल्यावर खिडकी पूर्ण वर करून स्विच थोडा वेळ धरून ठेवायचा, म्हणजे सिस्टीम नवीन काच ओळखते, नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. भंगारातली जुनी काच घेत असाल तर कडा उन्हात धरून बघा, पांढरट बुडबुडे किंवा दुधाळ पट्टा दिसला तर पाणी शिरलंय, आपल्या हवेत तो वाढतच जाणार.

मागच्या दोन मात्र टफन्डच राहू द्या, हे मी हट्टाने सांगतो. अकूस्टिक काच म्हणजे लॅमिनेटेडच, आणि लॅमिनेटेड काच टोकदार हातोडीने फुटत नाही, तडकते पण जागच्या जागी राहते. अमेरिकेत ट्रिपल ए या संस्थेने 2019 मध्ये सहा हातोड्या-हत्यारं तपासली, लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही. 22 जुलै 2021 चं चिपळूणचं पाणी बघितलेल्याला गाडीतून बाहेर पडायची एक वाट शिल्लक हवी हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक प्रश्न, मालवणहून : कुडाळपर्यंत डांबरार गाडी शांत असता, काँक्रीट लागला की घूंऽऽ आवाज येता. दुकानदार म्हणता जाड काळी फिल्म लावलास तर आवाज पण कमी जाता. खर्च करूचो की नको, ता स्पष्ट सांगा.

उत्तर : करू नका. फिल्म कागदासारखी पातळ, आवाजाला ती दिसतसुद्धा नाही. वर बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे, काळी लावलीत तर आवाज तोच आणि पावती वेगळी. तुम्ही लिहिलंय कुडाळपर्यंत डांबरावर गाडी शांत आणि काँक्रीट लागलं की घूंऽऽ, म्हणजे हा टायरचा आवाज. हवा कंपनीने सांगितलेलीच आहे का बघा, टायरवर हात फिरवून नक्षीच्या एका बाजूला करवतीसारखी धार लागते का बघा. लागली तर अलाइनमेंट करून घ्या. टायर बदलायचेच असतील तर फिल्मचे पैसे तिकडे लावा.