घरचं लोशन का बुरसतं?

प्रश्न : दारच्या कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, बदाम तेल आणि इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) वापरून लोशन केलं. टिकावं म्हणून ई जीवनसत्त्वाच्या २ कॅप्सूल फोडून घातल्या. बाराव्या दिवशी वर काळे ठिपके दिसले. वरचा थर काढून उरलेलं वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही, सगळं टाकून द्या. ठिपके वर दिसत असले तरी बुरशीचे तंतू खाली उतरलेले असू शकतात. शिवाय जिवाणू वाढले तरी पुष्कळदा रंग, वास काहीच बदलत नाही. पाण्यात सहज वाढणारा स्यूडोमोनास हा जिवाणू डोळ्यात गेला, तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

ई जीवनसत्त्वामुळे तेल लवकर खवट होत नाही, पण जंतूंवर त्याचा उपयोग नाही. कडुनिंब, हळद, सुगंधी तेलाचे चार थेंब यांचंही तेच. त्यात ताजा गर म्हणजे पाणी, साखर आणि पानावरचे जंतू. त्यांना याहून चांगलं खाद्य नाही. पहिल्या खेपेला गर वगळाच.

१०० ग्रॅमसाठी : डिस्टिल्ड वॉटर ७४, ग्लिसरीन ४, बदाम तेल १५, इमल्सिफायिंग वॅक्स ६ आणि प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, १ ग्रॅम. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण घ्या. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेल-वॅक्स दुसऱ्यात, दोन्ही ७० ते ७५ अंशांवर २० मिनिटं ठेवा. उडालेल्या पाण्याची तूट वजन करून भरा, मग एकत्र घुसळा. ४० अंशांच्या आसपास आलं की प्रिझर्व्हेटिव्ह घाला आणि निदान ५ मिनिटं ढवळा; ते नीट पसरलं नाही तर लोशनचा काही भाग जंतूंपासून असुरक्षितच राहतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेलच. थेंब मोजून हे काम होत नाही, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. आणि ‘थोडं जास्त घालू, जास्त टिकेल’ असंही करू नका. युरोपात फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादा १ टक्का आहे. त्यापुढे त्वचेची आग होण्याचा धोका वाढतो.

भरायला पंपाची बाटली घ्या. ती आणि भांडी ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : सरबतासाठी आणलेलं सोडियम बेंझोएट लोशनमध्ये घातलं तर?

उत्तर : सरबत आंबट असतं म्हणून ते तिथे काम करतं. जंतूंना रोखतं ते त्यातून तयार होणारं बेंझोइक आम्ल. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ४.२ ला निम्मं बेंझोएट या आम्लाच्या रूपात असतं, पीएच ५ ला साधारण १४ टक्के आणि ६ ला जेमतेम दीड टक्का. घरचं लोशन बहुधा ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असतं, म्हणजे बेंझोएट घालूनही न घातल्यासारखंच. सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून, पीएच मोजायच्या पट्टीने तपासत पीएच ५ च्या खाली आणता येतो. तरीही बेंझोएट बुरशी आणि यीस्टवर चांगलं, जिवाणूंवर कमी पडतं. एकट्या बेंझोएटवर विसंबू नका.

प्रश्न : मेण आणि खोबरेल तेलाच्या बामलाही प्रिझर्व्हेटिव्ह हवं का?

उत्तर : नको, त्यात पाणीच नाही. पण ओलं बोट बुडवू नका, कोरडा चमचा वापरा. ई जीवनसत्त्व घालायचं ते इथे, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम. बेसन-हळदीच्या कोरड्या उटण्यालाही काही लागत नाही; मात्र दुधात कालवलेलं उटणं त्याच वेळी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.