प्रश्नोत्तरे : शिरायला शंभर दारं, बाहेर पडायला?

टेक कंपन्यांवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की ग्राहकापुढे पर्याय किती आहेत हे मोजण्याआधी एका कंपनीकडून दुसरीकडे जायला त्याला किती त्रास पडतो ते पाहा. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतोय. बऱ्याच जणांना माझं म्हणणं पटलेलं नाही. तीच पत्रं मुद्दाम वर ठेवली आहेत.

प्रश्न : मक्तेदारी मक्तेदारी काय करता? माझ्या फोनवर दुसरं सर्च इंजिन लावायला दोन मिनिटं लागतात. कुणी हात धरलाय का? लोकांना गूगल आवडतं म्हणून ते गूगल वापरतात.

उत्तर : हात कुणी धरलेला नाही, मान्य. गूगलचं सर्च दर्जेदार आहे, हेही मान्य. अमेरिकेत ज्या न्यायाधीशांनी गूगलच्या विरोधात निकाल दिला, त्या अमित मेहता यांनीही निकालपत्रात तसं लिहिलं आहे. मग मला एवढंच सांगा, लोक आपल्या पायांनी येणारच होते, तर त्यांना वाटेतच गाठण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर का मोजले? ब्राउझर आणि फोन बनवणाऱ्यांनी आधीपासून गूगलच लावून द्यावं, यासाठी दिलेली ही रक्कम खटल्यात उघड झाली. २०२२ मध्ये एकट्या अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज मिळाले. इतका पैसा कुणी हौसेने देत नाही. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात हे गूगललाही ठाऊक आहे, आणि ती दोन मिनिटं बहुतेक लोक कधीच काढत नाहीत हेही.

त्याच खटल्यातला दुसरा तपशील मला जास्त बोलका वाटतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये त्याच कंपनीचं बिंग हे सर्च इंजिन आधीच लावलेलं असतं. तिथले साधारण ८० टक्के सर्च बिंगवरच होतात. हेच बिंग इतरत्र भिंग घेऊन शोधावं लागतं.

तुमच्या बाजूचाही पुरावा आहे, तो लपवत नाही. २०१४ मध्ये मोझिला या संस्थेने अमेरिकेत आपल्या फायरफॉक्स ब्राउझरचं डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावलेलं, सर्च गूगलवरून याहूवर नेलं. बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत आणलं आणि २०१७ मध्ये मोझिलाही गूगलकडे परतली. म्हणजे दर्जातली दरी फार मोठी असेल तर माणूस ती दोन मिनिटं काढतो. पण ती दरी पडते कशी, तेही बघायला हवं. कुठला शब्द टाइप केल्यावर लोक कुठल्या दुव्यावर जातात, या माहितीवर सर्च सुधारतं. ज्याच्याकडे गर्दी, त्याच्याकडे ही माहिती. त्यामुळे डिफॉल्टची जागा विकत घेणारा ग्राहकाबरोबर कच्चा मालही उचलून नेतो, आणि उरलेल्यांना सुधारायला काही शिल्लक राहत नाही. ऑगस्ट २०२४ च्या निकालात गूगलने ही मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली असं ठरलं, त्यामागे हाच धागा होता.

आणि ब्राउझर भरपूर आहेत म्हणाल, तर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी यांची पाटी वेगळी, वेबपान उघडणारं आतलं इंजिन एकच : गूगलच्या पुढाकाराने चालणारं क्रोमियम. वेगळं इंजिन चालवणाऱ्या फायरफॉक्सच्या संस्थेचं बहुतांश उत्पन्न गूगलच्याच डिफॉल्टच्या पैशातून येतं. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर चूल पेटवणारा स्पर्धक त्याला कितपत नडेल, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : सगळं फुकट मिळतंय. मक्तेदारीत भाव वाढतात असं आम्ही शिकलो. इथे भाव शून्य आहे. मग ग्राहकाचं नुकसान नेमकं काय?

उत्तर : इंटरनेट एक्सप्लोररही फुकटच होता. विंडोजबरोबर यायचा, आणि नेटस्केप या आधीच्या ब्राउझरला मागे टाकल्यावर त्याचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. सातवी कधी? २००६ मध्ये. पाच वर्षं! स्पर्धक उरला नाही तसं कामही उरलं नाही. त्या काळात मी वेबसाइट बनवायचो, म्हणून हे अंगावर काढलंय. पारदर्शक चित्र टाकलं की त्यामागे करडा ठोकळा दिसायचा. एका खिडकीत अनेक टॅब ही सोय दुसऱ्या ब्राउझरांत आली होती, यात नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, लोक तिकडे वळायला लागले, आणि मग मायक्रोसॉफ्टला जाग आली. फुकटाच्या बाजारात नुकसान असं होतं. खिशातून काही जात नाही, फक्त वस्तू सुधारायची थांबते. जाहिराती वाढतात, खासगी माहितीवरचा डोळा वाढतो, तक्रारीला उत्तर येत नाही.

शिवाय भाव शून्य असतो तो तुमच्यापुरता. जाहिरातदार पैसे मोजतो आणि ते आपल्या मालाच्या किमतीत घालतो. जाहिरातींचा हा बाजारही मोकळा नाही. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी गूगलला त्याच बाजारात बेकायदा मक्तेदारीसाठी दोषी धरलं. वेबसाइटवाल्यांनी जाहिरातीची जागा विकायचं साधन गूगलचं, ज्या बाजारात लिलाव होतो तोही गूगलचा, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेली. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते याला.

प्रश्न : माझ्याकडे अशाच एका कंपनीचे शेअर आहेत. खटला हरली तर भाव पडेल का? विकून टाकू?

उत्तर : हे मला कळलं असतं तर मी सदर लिहीत बसलो नसतो.

प्रश्न : मेसेजिंगचं एक अ‍ॅप मला सोडायचंय. दुसरं फोनवर घेतलंही, पण तिथे ओळखीचं कुणीच नाही. नातेवाईक, ऑफिस, सोसायटीचा ग्रुप, सगळे जुन्या जागी. मी एकट्याने काय करायचं?

उत्तर : एकट्याने फारसं काही होत नाही, आणि यात तुमच्या निर्धाराचा दोष नाही. अ‍ॅपची किंमत त्यावरच्या माणसांत असते. ती माणसं एकाच दिवशी, एकाच दिशेने उठून जाणार नाहीत, यावर कंपनी निर्धास्त असते. गेम बनवणारी एपिक आणि अ‍ॅपल यांच्या खटल्यात अ‍ॅपलचे अधिकारी क्रेग फेडरिगी यांचा २०१३ चा एक ईमेल पुढे आला. आयमेसेज हे अ‍ॅपलचं मेसेजिंग अँड्रॉइडवर आणलं, तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांच्या हाती अँड्रॉइड फोन देण्यातली एक अडचण दूर होईल, अशी त्यांची चिंता होती. ग्राहकाची अडचण हा कंपनीचा ठेवा कसा होतो, हे इतक्या सरळ कुणी क्वचितच लिहितं.

यावर उतारा आहे आणि तो जुना आहे. ईमेल बघा. पत्र पाठवताना समोरच्याचं खातं कुठल्या कंपनीचं आहे हे आपण विचारतो का? फोन करताना विचारतो का? मेसेजिंग अ‍ॅपमध्येच ही भिंत का असावी, याला तांत्रिक कारण फारसं पटण्यासारखं नाही. एन्क्रिप्शन, म्हणजे तिसऱ्याला मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, दोन कंपन्यांमध्ये शाबूत ठेवणं कठीण आहे, हे खरं. अशक्य नाही. युरोपियन युनियनच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टने व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर यांना इतर अ‍ॅपसाठी दार उघडायला लावलं आहे. आयफोनने २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आरसीएस ही अँड्रॉइडवर चालणारी मेसेजची पद्धत घेतली, त्यामुळे अँड्रॉइडवर पाठवलेले फोटो आता पूर्वीसारखे चुरगळून पोचत नाहीत.

तोवर दोन्ही अ‍ॅप ठेवा. ज्या दोन-चार जणांशी रोज बोलता, त्यांना नव्या जागी आणा, बाकीचे राहू द्या. सोसायटीचा ग्रुप कुणालाच हलवता आलेला नाही.

प्रश्न : मी आयफोन घेतला तो बंदिस्त आहे म्हणूनच. वयस्कर आईच्या हातात तो निर्धास्त देता येतो. तुम्ही लोक स्पर्धेच्या नावाखाली ते कुंपण पाडायला निघालात. माझी निवड मोजायची नाही का?

उत्तर : मोजायची, आणि तुमचा मुद्दा या पत्रांतला सगळ्यात सबळ आहे. बंदिस्तपणा हीसुद्धा विकत घ्यायची गोष्ट असू शकते. बाहेरून अ‍ॅप घ्यायची सोय झाली की फसवणारेही त्याच वाटेने येणार, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण सुरक्षा आणि अ‍ॅपमधल्या विक्रीतून अ‍ॅपल घेते ते कमिशन या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून तुमच्यापुढे ठेवल्या जातात, त्या मी सोडवून बघतो. अ‍ॅपलचाच मॅक घ्या. त्यावर स्टोअरबाहेरून सॉफ्टवेअर घेता येतं, अ‍ॅपल ते आधी तपासून शिक्का मारते, आणि तरीही मॅक सुरक्षित म्हणूनच विकला जातो. तपासणीसाठी ३० टक्के लागतातच असं नाही. दुसरं, आमच्या वेबसाइटवर हेच स्वस्त मिळतं, एवढं एक वाक्य अ‍ॅपमध्ये लिहायला बंदी होती. त्या बंदीने तुमच्या आईचं कुठलं संरक्षण होत होतं? एपिकच्या त्याच खटल्यात २०२१ मध्ये न्यायाधीश इवॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी अ‍ॅपलला मक्तेदार ठरवलं नाही (हे बरेच जण विसरतात), पण ही बंदी उठवायला सांगितलं. अ‍ॅपलने बाहेरच्या दुव्याला परवानगी दिली आणि तिथून झालेल्या खरेदीवर २७ टक्के मागितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा भंग ठरवला. कुंपण राहू दे. आतल्या माणसाला बाहेरचा भाव विचारता आला पाहिजे, एवढंच.

प्रश्न : युरोपच्या नियमांनी काय मिळालं? प्रत्येक साइटवर कुकीची खिडकी. दंडाचे आकडे ऐकून कंपन्या हसत असतील.

उत्तर : कुकीच्या खिडक्यांवर मीही चडफडतो. त्या खासगीपणाच्या नियमांतून आल्या, स्पर्धेच्या नव्हे. पण नियम वाईट लिहिला तर लोक निमूटपणे ‘स्वीकारा’ दाबत राहतात, हा धडा दोन्हीकडे लागू आहे. दंडाबाबत मात्र एक किस्सा. ब्राउझर निवडायची खिडकी विंडोजमध्ये दाखवू, असं वचन मायक्रोसॉफ्टने युरोपियन कमिशनला २००९ मध्ये दिलं. मग विंडोज ७ च्या एका अपडेटमधून ती खिडकीच गायब झाली. मे २०११ ते जुलै २०१२, सुमारे दीड कोटी लोकांना ती दिसली नाही. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, तांत्रिक चूक. मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरो दंड झाला. मला त्या दंडापेक्षा नवल वाटतं ते याचं, की एवढी मोठी गोष्ट चौदा महिने कुणाच्या लक्षात आली नाही.

आणि चार्जर! आयफोन २०२३ मध्ये यूएसबी-सीवर आला, डिसेंबर २०२४ पासून युरोपात नव्या फोनना ते सक्तीचं झालं. एक केबल घेऊन प्रवासाला निघताना मी त्या नियमाला रोज दुवा देतो.

प्रश्न : सरळ या कंपन्यांचे तुकडे का करत नाहीत?

उत्तर : अधूनमधून केले जातात. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवर १९७४ मध्ये खटला भरला गेला आणि १ जानेवारी १९८४ ला तिच्यातून सात प्रादेशिक कंपन्या निघाल्या. मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा आदेश जून २००० मध्ये निघाला, वरच्या कोर्टाने तो जून २००१ मध्ये रद्द केला. मक्तेदारीचा ठपका मात्र ठेवला. गूगलने क्रोम विकावा ही सरकारची मागणी मेहता यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. गूगलच मिळेल असे एकहाती करार करायला बंदी घातली, सर्चची काही माहिती स्पर्धकांना द्यायला लावली, पण डिफॉल्टसाठी पैसे देण्याची मुभा ठेवली. माझ्या मते इथे ते कचरले.

तरी तुकडे करण्यावर माझा फार जीव नाही. एटी अँड टीच्या गोष्टीत लोक १९८४ सांगतात, मी १९६८ सांगतो. तोवर फोनच्या तारेला कंपनीचं सोडून दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडायला मनाई होती. घरातलं फोनचं यंत्रसुद्धा कंपनीकडून भाड्याने. टेक्ससच्या थॉमस कार्टर यांनी रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला टेलिफोनशी जोडणारं एक उपकरण विकायला काढलं, कंपनीने हरकत घेतली, आणि दूरसंचार आयोगाने निकाल कार्टर यांच्या बाजूने दिला. तुमचं यंत्र जाळ्याला इजा करत नसेल तर ते जोडता येईल. कंपनी होती तेवढीच राहिली, पण तिच्या तारेवर पुढे परक्यांची उत्तरयंत्रं, फॅक्स आणि घरोघरी मोडेम आले.

दुसरं, वेळ. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा तिथे १३ जण कामाला होते. सरकारने तेव्हा हरकत घेतली नाही. खटला भरला डिसेंबर २०२० मध्ये आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार हरलं, कारण तोवर टिकटॉक आणि यूट्यूबमुळे बाजारच बदलला होता. उलट डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने त्याच क्षेत्रातली फिग्मा २० अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा ब्रिटन आणि युरोपच्या यंत्रणा वेळीच आडव्या आल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला. फिग्मा आजही स्वतंत्र आहे.

प्रश्न : पंधरा वर्षांचे फोटो एका क्लाउडमध्ये आहेत. दुसरीकडे न्यायचे तर काय काळजी घेऊ?

उत्तर : मी गेल्या वर्षी हे केलं. कंपनीचं नाव घेत नाही. ‘सगळं डाउनलोड करा’ हे बटण सापडलं, दोन दिवसांनी चाळीसेक झिप फायली आल्या. उघडून बघतो तर निम्म्या फोटोंची तारीख डाउनलोड केलेल्या दिवसाची. मूळ तारखा वेगळ्या मजकुराच्या फायलींत, प्रत्येक फोटोला एक. त्या परत जोडायला फुकट साधनं मिळतात, ती चालवण्यात एक रविवार गेला. तेव्हा सगळं एकदम काढू नका. आधी एकाच वर्षाचा अल्बम काढा, तारखा आणि जागा नीट येतात का बघा. मग उरलेलं काढा आणि एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. जुनं खातं तीन महिने तरी बंद करू नका. माझे दोन अल्बम पहिल्या खेपेला आलेच नव्हते, आणि ते मला सहाव्या आठवड्यात कळलं.