आकडा आधी वहीत, मग फोनवर

प्रिय,

मागच्या रविवारी तुझ्या दुकानात डोशाचं पीठ नऊलाच संपलं, २४ पाकिटं गेली, सहा गिऱ्हाईकं परत गेली. आता पीठवाल्याला ३० सांगू का, असं विचारतोस. त्याआधी चार पाकिटं उरली तेव्हा कमी सांगायला निघाला होतास. म्हणजे ऑर्डर तू देत नाहीस, मागचा रविवार देतोय. आकडा आधी वहीत, मग फोनवर.

पाकीट ४५ ला पडतं, ६० ला जातं. विकलं तर १५ सुटतात, उरलं तर आंबून ४५ बुडतात. सुटणारे १५ भागिले सुटणारे-बुडणारे मिळून ६०, म्हणजे पाव. आता तू पाठवलेले १२ रविवार चढत्या क्रमाने लाव: १४, १६, १७, १९, २०, २१, २२, २४, २५, २७, २९, ३०. बाराचा पाव तीन, म्हणून तिसरा आकडा, १७. हे आकडे मागणीचे हवेत, विक्रीचे नव्हे. परत गेलेल्यांच्या उभ्या रेघा मारून मिळवायच्या. शेवटचे ३० तसेच झालेत: २४ विकली, वर सहा रेघा.

गिऱ्हाईक परत गेलं की नारळ, कोथिंबीरही दुसरीकडून घेतं? मग तोही तोटा धर. त्यात ३० रुपये सुटत असतील तर १५ चे ४५ होतात, बुडणारेही ४५, पारडी समान, म्हणजे पावाऐवजी अर्धा. बाराचा अर्धा सहा, म्हणून सहावा आकडा: २१. तरीही ३० पाकिटं नाहीच!

सरासरी २२ आहे आणि मन तिकडेच ओढतं. श्वाइट्झर आणि कॅशॉन या संशोधकांनी लोकांना किती माल मागवाल असं विचारलं, त्या २००० सालच्या प्रयोगात मागणी १ ते ३००, विक्रीची किंमत १२ होती. खरेदी ३ ला असताना २२५ मागवणं योग्य, ९ ला असताना ७५. लोक दोन्हीकडे मधल्या १५० कडे सरकले. शिकलेली माणसं होती ती. म्हणून म्हणतो, मनावर सोडू नकोस.

तेलाचं वेगळं. ते आंबत नाही, तिथे वाटेतला माल विसरल्याने घात होतो. डिस्ट्रिब्युटरने अर्धाच माल दिला की तू घाबरून दुसरीकडेही सांगतोस, मग दोन्ही गाड्या एकाच दिवशी दारात आणि पैसा अडकलेला. रोज १२ पिशव्या खपतात, सेल्समन सात दिवसांनी येतो, माल आणखी दोन दिवसांनी. नऊ दिवसांचे १०८, वर २० अडीअडचणीला, एकूण १२८. दुकानात ४०, वाटेत ५०. मागव ३८. ६० घेतल्यावर सवलतीची स्कीम असली तरी ३८ च.

हेकट म्हण मला. आधी लिहायची सवय मला फार उशिरा लागली याची खंत आहे, म्हणून तुझ्या मागे लागतोय. आकडा आधी वहीत.

नारळ-कोथिंबिरीचे ३० खरे असतील तर शनिवारी संध्याकाळी पिठापुढे २१ लिही, मगच फोन कर. रविवारी नऊला संपलं तरी खोडू नकोस. रेघा मोज, नवा रविवार यादीत घाल, सगळ्यात जुना काढ आणि यादी पुन्हा लाव.