वाचकांचे प्रश्न : पुस्तके पाच, साक्षीदार किती?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा हौसेने अभ्यास करतो. येशू तरुणपणी लडाखच्या मठात येऊन राहिला होता, असे सांगणारी चार-पाच पुस्तके माझ्या वाचनात आली. ओळखीचे एक पाळकसाहेब म्हणतात, ‘बायबलमध्ये नाही, म्हणजे थोतांड.’ पण बायबलच्याच एका आवृत्तीत मार्ककृत शुभवर्तमानाच्या (म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूचरित्राच्या) शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने कंसात छापलेली दिसली. मिशनऱ्यांचे जुने अहवालही सध्या चाळतो आहे. ते पक्षपाती म्हणून सोडून द्यावेत काय? कोणते साधन किती विश्वसनीय, हे ठरवावे तरी कसे?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘चार-पाच पुस्तके’ या शब्दांपाशीच आधी थांबावेसे वाटते. एखादी गोष्ट पाच जणांनी सांगितली, तरी त्या पाचांनाही ती एकाकडूनच कळली असेल, तर साक्षीदार एकच उरतो. उसाच्या फडात पाणी पाच सऱ्यांतून खेळताना दिसले तरी विहीर एकच असते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून लेखक किती विद्वान आहे हे पाहण्यापूर्वी ‘याला हे कुठून कळले?’ असे विचारावे.

तसे विचारत मागे गेले की लडाखची कथा निकोलाय नोतोविच या रशियन प्रवाशापाशी येऊन थांबते. त्याचे फ्रेंच पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाय मोडल्यामुळे हेमिस मठात पडून असताना तेथील प्रमुख लामांनी ‘ईसा’चे चरित्र वाचून दाखवले, दुभाष्याकरवी आपण ते टिपून घेतले आणि विखुरलेली वचने नंतर स्वतःच क्रमाने लावली, असे तो सांगतो. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातील प्राध्यापक जे. आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले, तेव्हा प्रमुख लामांनी असा ग्रंथ मठात असल्याचे साफ नाकारले. रामकृष्ण परमहंसांचे शिष्य स्वामी अभेदानंद १९२२ मध्ये तेथे गेले असता आपल्याला हस्तलिखित दाखवले गेले, असे त्यांच्या प्रवासवर्णनात आहे, हेही नोंदवले पाहिजे. मात्र ते हस्तलिखित अभ्यासकांपुढे आजतागायत आलेले नाही, आणि जे समोरच येत नाही त्याची भाषा, अक्षरवळण किंवा वय तपासणार कसे? पाळकसाहेबांचा निष्कर्ष मला मान्य आहे, त्यांचे कारण नाही. बायबलमध्ये नसलेल्या कितीतरी गोष्टी इतिहासाने स्वीकारल्या आहेत.

हीच चाळणी शुभवर्तमानांनाही लावावी लागते. मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या सुमाराचे, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर साधारण चाळीस वर्षांनी लिहिलेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिवरायांच्या पदरी राहिलेल्या सभासदाने त्यांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत बखर लिहिली, तर मल्हार रामराव चिटणिसांची बखर शतकाहून अधिक काळाने आली, आणि दोन्हींना आपण एकाच मापाने मोजत नाही. बायबलच्या नव्या करारातही आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे इ.स. ५० ते ६० च्या दरम्यानची, म्हणजे शुभवर्तमानांहून जुनी आहेत. शिवाय मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांनी मार्कचा आधार घेतला, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे; ते धरले तर तिघांत जवळजवळ त्याच शब्दांत येणाऱ्या प्रसंगाला तीन स्वतंत्र साक्षी म्हणता येत नाही.

आता कंसाविषयी. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातील दोन ग्रीक हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशीच संपते. कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया थरथर कापत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाशी काही बोलल्या नाहीत, एवढ्यावरच. हा शेवट अपुरा वाटून कोणी पुढील बारा वचने जोडली असावीत, असा तर्क केला जातो, कारण त्यांची शब्दकळाही मार्कच्या इतर लेखनाशी जुळत नाही. पण येथे घाई नडते. इ.स. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या इरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्याने यातील एकोणिसावे वचन मार्कचे म्हणूनच उद्धृत केले आहे. म्हणजे ती वचने मार्कची नसली, तरी आज हाती असलेल्या त्या दोन हस्तलिखितांहून दीडशे वर्षांनी जुनी आहेत. सर्वांत जुनी प्रत आणि सर्वांत जुना पाठ (म्हणजे मजकूर) या एकच गोष्टी नव्हेत. अनुभवी अभ्यासकही येथे चकतात. कंस छापणाऱ्या संपादकाने आपली अडचण वाचकापासून लपवली नाही, म्हणून ती आवृत्ती मी अधिक भरवशाची मानतो.

राहिले मिशनऱ्यांचे अहवाल. कोल्हापुरात वाइल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाने आहे, ते रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये येथे आले. अशा मंडळींचे अहवाल अमेरिकेतील मिशन मंडळे आणि देणगीदार वाचणार असत, त्यामुळे यश ठळक करण्याचा मोह त्यांत गृहीत धरावाच. तरीही शाळा कोणत्या पेठेत भरे, मुले किती येत, पावसाळ्यात प्रवास कसा होई, हे लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि अशा तपशिलासाठी तो अहवाल उत्तम साधन ठरतो. ‘गावातील लोकांची मने वळू लागली आहेत’ असे वाक्य आले, की मात्र पेन्सिलीने बाजूला खूण करून ठेवावी आणि त्याच वर्षाचे दरबारी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मिळतात का, ते पाहावे.