आयटी सेवा कंपन्यांकडे एवढी रोकड असते, मग त्या नव्या तंत्रज्ञानात पैसा का घालत नाहीत? वाढ का अडली आहे?

पैशांची अडचण कमी आहे. धंदा ज्या मापाने मोजला जातो, ते मापच आडवं येतं.

मी काही वर्षं एका सेवा कंपनीत कंत्राटाच्या बोलीची आकडेमोड करायचो. शीटमध्ये पहिला रकाना माणसांचा: अनुभव किती, तासाचा दर किती, ऑनसाइट (क्लायंटच्या जागी) की ऑफशोअर (इथूनच). तळाला मार्जिन. ते लाल दिसलं की एक अनुभवी माणूस काढायचा आणि दोन फ्रेशर घालायचे. वाढ म्हणजे जास्त डोकी, एवढंच त्या शीटला कळायचं.

एकदा टीममधल्या दोघांनी हौसेने एक स्क्रिप्ट लिहिली. महिनाअखेरीच्या ज्या ताळमेळावर सहा जण तीन दिवस बसायचे, तो तासाभरात होऊ लागला. अकाउंट मॅनेजरने विचारलं, "मग या सहा जणांचं बिल कुठे लावू?" चौघे बेंचवर, म्हणजे कामाविना पगारावर गेले, युटिलायझेशन (बिल लागणाऱ्या माणसांचं प्रमाण) घसरलं, आणि स्क्रिप्टवाल्यांना 'पुढच्या वेळी आधी विचारा' असं ऐकवलं गेलं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याचा बोनस बिलिंगवर होता.

आता एआय आल्यावर क्लायंट रिन्यूअलच्या (करार पुढे चालू ठेवण्याच्या) टेबलावरच म्हणतो, होणारी बचत आधी दरातून कापा. साधनांचा खर्च तुमचा, फायदा त्याचा. शिवाय मोठे क्लायंट स्वतःची आयटी केंद्रं उघडतात आणि माणसं तुमचीच उचलतात.

तासांऐवजी ठरावीक रकमेचं काम घ्यावं, तर अंदाज चुकल्याचा भुर्दंड आपल्या माथी. प्रॉडक्ट विकत घेणंही सोपं नाही: इन्फोसिसने 2015 मध्ये 20 कोटी डॉलर मोजून पनाया ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली, आणि 2018 मध्ये किंमत खाली आणून ती विकायला काढली.

उलटं उदाहरण किंड्रिल या आयटी सेवा कंपनीचं. 2021 मध्ये आयबीएमपासून वेगळी झाल्यावर तिने न परवडणारी कामं सुधारली किंवा सोडली. विक्री वर्षागणिक घटली, पण तोट्यातून ती नफ्यात आली. असं आकसणं शेअरधारकांना पटवायला छाती लागते, आणि किंड्रिलकडे दुसरा रस्ताही फारसा नव्हता.

तिमाही निकालांत नव्या करारांचा एकूण आकडा मी हल्ली फारसा मनावर घेत नाही. त्यात बरेचदा जुन्याच कामांची रिन्यूअल मिसळलेली असतात. महसुलाला कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागतो आणि तो आकडा तीन-चार वर्षांत हललाय का, ते बघतो.