रविवारी डबे घासले, मंगळवारी बादली उचलेना

प्रश्न : वय ३९, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट्स वाढल्या, पण मी काही पूर्वीची झाले नाही. आठ तास झोपूनही अंग मोडलेलंच. फळ्यासमोर उभी राहिले की छाती धडधडते, मुलांची नावं आठवत नाहीत. मागच्या दिवाळीत एका रविवारी फराळाचे डबे घासले. सोमवारी बरी होते, मंगळवारी मात्र आंघोळीची बादली उचलेना. आठवडा अंथरुणात गेला. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली, सासूबाई म्हणतात मनाला उभारी दे. सकाळी फिरायला गेले की आणखी पडते. नेटाने चालत राहू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, नेट लावू नका. तुमचा तो रविवार आणि मंगळवार मी दोनदा वाचला. निदानाची किल्ली तिथेच आहे. श्रम आज आणि अंग पडतं एक-दोन दिवसांनी, तेही केलेल्या श्रमाच्या मानाने कितीतरी जास्त, हे क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचं मुख्य लक्षण. डॉक्टर त्याला एमई/सीएफएस म्हणतात. डेंग्यू, कोविड अशा संसर्गानंतर तो सुरू झालेला दिसतो. निव्वळ उदासीत माणसाला काही करावंसंच वाटत नाही, आणि चालून आल्यावर बहुधा बरं वाटतं. तुमचं नेमकं उलट आहे. तरी ती गोळी मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

एक कबुली देते. वर्षानुवर्षं मीही अशा रुग्णांना 'रोज पाच मिनिटं वाढवा' असं सांगत आले. बँकेतली एक बाई माझं ऐकून चालत राहिली, आणि नंतर तिचे रिपोर्ट घेऊन तिचा भाऊ येऊ लागला, कारण तिला जिना उतरवत नव्हता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकला. मला ते त्या बाईने आधीच शिकवलं होतं.

या आजाराची स्वतंत्र रक्ततपासणी नाही, म्हणून दुसरं काही नाही ना, हे आधी पाहायचं. एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, साखर, यकृत-मूत्रपिंड झालंय का ते बघा. घोरत असाल तर तेही सांगा.

छातीच्या धडधडीसाठी एक चाचणी तिथेच करून मागा. पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजायची, मग दहा मिनिटं उभं राहून दर मिनिटाला नाडी आणि अधूनमधून बीपी. बीपी न उतरता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार धावण्याच्या विकाराचा, संशय येतो. त्यावर मीठ-पाणी, पायांचे घट्ट मोजे, गोळ्या असे उपाय आहेत, पण मीठ विचारूनच वाढवा. चक्कर येऊ शकते, म्हणून एकट्याने घरी करू नका.

मूळ आजार घालवणारं औषध आज नाही. झोप, दुखणं, धडधड यांवर मात्र उपचार होतात. 'ताकदीच्या सलाईन'चं पॅकेज कुणी गळ्यात मारलं तर पैसे जपा.

बाकी सगळा कस दिवस कसा घालवता त्यात आहे. तीन आठवडे वहीत लिहा : काय केलं, किती वेळ, आणि तिसऱ्या दिवशी कशी होते. त्यातून तुमची मर्यादा कळेल, तिच्या आतच थांबा. घात करतो तो बरा वाटणारा दिवस, कारण त्याच दिवशी आपण साठलेली सगळी कामं उपसतो. आंघोळ स्टुलावर बसून, भाजी बसून चिरायची, मधल्या सुट्टीत गप्पांऐवजी पंधरा मिनिटं डोळे मिटून आडवं. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र देऊन तळमजल्यावरचा वर्ग आणि खुर्ची मागा. ही मागणी लाजण्यासारखी नाही.

तपासणीला यजमानांना सोबत न्या. सासूबाईंना समजावण्याचं काम त्यांचं, तुमचं नाही. आणि यंदाचे फराळाचे डबेही यजमानांनाच घासू द्या.